ज्यांना ‘वाटतं’ चालत नसे

धुळ्याच्या देवपुरातल्या सरांच्या घराची वरची खोली बघायला मी गेले, तेव्हा त्यांनी मला जात विचारली नाही, लग्नाचं विचारलं नाही, मटण शिजवणार का तेही विचारलं नाही. पाण्याचं बोलणं चाललं होतं आणि मी सहज म्हणाले, "मला वाटतं, वर पाणी चढवायला मोटार असेल."

सर जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबले.

"वाटतं कसलं? ती बघा मोटार, जिन्याखाली. या घरात ‘मला वाटतं’ चालत नाही. दिसत असेल तर ‘आहे’ म्हणायचं, दिसत नसेल तर ‘ठाऊक नाही’ म्हणायचं. बाकी तुम्ही कशाही राहा."

आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "भिऊ नको बेटा, मी तर रोज म्हनस." त्या अक्का. सगळी गल्ली त्यांना अक्काच म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले.

मी मूळची सावद्याची. घरी केळीच्या बागा, आणि मला धुळ्यातल्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला तासिका तत्त्वावर नेमलेलं. सर त्याच कॉलेजात तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख. विभागात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे प्रमुखही तेच आणि विभागही तेच. या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. दर जूनमध्ये मुलाखत द्यायची, दर मार्चमध्ये मोकळं व्हायचं. आशा वगैरे शब्द या चक्रात कधी गळून पडतात ते कळतही नाही.

सर नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. अंगानं आडवे, काळेसावळे, मनगटं नांगर धरणाऱ्याची. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायचे, पण एखाद्या गोष्टीची पुरती खात्री पटली की वाक्याच्या शेवटी ‘आहे’च्या जागी अहिराणी ‘शे’ यायचा. त्यांचं ‘आहे’ म्हणजे मत आणि ‘शे’ म्हणजे निकाल, असं आम्ही स्टाफरूममध्ये म्हणायचो. "वर्गात पोरं आहेत का सर?" असं कोणी खोचकपणे विचारलं, तर ते शांतपणे म्हणायचे, "दोन शे."

घरात त्यांचा हा नियम अक्कांनी कधीच पाळला नाही. त्या मुद्दाम म्हणायच्या, "गॅस संपना वाटस." सर उठायचे, सिलिंडर हलवून बघायचे आणि परत येऊन सांगायचे, "संपला." अक्का माझ्याकडे बघून डोळे मिचकवायच्या. नवऱ्याला जागेवरून उठवायची ही त्यांची खात्रीची युक्ती होती.

एकदा प्राचार्यांची नोटीस फिरत आली. तिच्यात ‘महाविद्यालयात समाधानकारक शैक्षणिक वातावरण असल्याचे दिसून येते’ असं काहीसं वाक्य होतं. सर ती घेऊन थेट केबिनमध्ये गेले आणि विचारलं, "कोणाला दिसून येते?" प्राचार्य हसले. सर हसले नाहीत. ते नेहमीच गंभीरपणे विचारत, म्हणून लोकांना ते विनोदी वाटत.

त्यांचा वर्ग मी एकदाच ऐकला. माझा तास रिकामा होता, ऊन मी म्हणत होतं आणि त्यांच्या खोलीतला पंखा चालू होता, एवढंच कारण. समोर दोनतीन मुलं. सरांनी खिशातून लिंबू काढून टेबलावर ठेवलं.

"हे काय आहे?"

"लिंबू," मुलं म्हणाली.

"शंका घेणारा तत्त्वज्ञ म्हणतो, नाही. तुम्हाला पिवळा रंग दिसला, आंबट वास आला, हाताला गोल लागलं. हे सगळं तुमच्या आत घडलं. मग बाहेर लिंबू आहे कशावरून? बरं, लिंबू पिळलं म्हणून रस आला, असं तुम्ही म्हणता. तो म्हणतो, आधी पिळणं दिसलं, मग रस दिसला. ‘म्हणून’ कुठं दिसला? आणि शेवटी म्हणतो, हे सगळं बघणारा ‘मी’ तरी कुठं सापडतो? नुसती एकामागून एक चित्रं." सरांनी हात झटकले. "झालं. बुद्धीनं बाहेरचं जग खाल्लं, कारण खाल्लं, शेवटी स्वतःलाही खाल्लं. आता ती भुकेली बसली आहे."

मग त्यांनी स्कॉटलंडमधल्या एका जुन्या प्राध्यापकाबद्दल सांगितलं. तो आधी पाद्री होता. त्याचं नाव परीक्षेत येतं म्हणून सरांनी फळ्यावर लिहिलं आणि मुलांनी उतरवून घेताच पुसून टाकलं. त्याचं म्हणणं असं की काही गोष्टी सिद्ध करायच्या नसतातच. जग आहे, काल घडलेलं आठवतं ते बहुतेक घडलेलं असतं, समोरचा बोलतो ते सहसा खरं असतं, या गोष्टींवर उभं राहूनच माणूस बाकीचं सिद्ध करतो. ज्या जमिनीवर उभे आहात तीच खणून बघायची म्हटली तर पाय ठेवणार कुठे?

"साधी अक्कल म्हणा याला," सर म्हणाले. "लोक हिला कमी लेखतात, कारण ती सगळ्यांकडे असते."

मग त्यांनी लिंबू कापलं आणि सगळ्यांना सरबत दिलं. साखर, मीठ, पाण्याची बाटली, सगळं पिशवीतून आणलेलं होतं. मुलं त्यासाठीच येत असावीत. ‘असावीत’ लिहिलेलं सरांना आवडलं नसतं, पण मला खरंच ठाऊक नाही.

त्यांचा जाहीर पराभव मी पाहिला तो कॉलेजच्या चर्चासत्रात. पुण्याहून एक तरुण प्राध्यापक आला होता, हुशार, बोलायला गोड. तो शंकावादाच्या बाजूने फार सुंदर बोलला. शेवटी प्रश्नांसाठी सर उठले.

"साहेब, तुम्ही सकाळी धुळे स्टँडवर उतरलात. तिथं एसटी मागे घेत होते, कंडक्टर शिट्टी मारत होता. तुम्ही बाजूला सरलात का?"

"सरलो सर."

"मग एसटी आहे हे तुम्हाला ठाऊक होतं."

तरुण हसला. उद्धटपणे नाही. "सर, स्टँडवर एक बकरीही होती. तीही सरली. तिला एसटीबद्दल काही ज्ञान आहे असं आपण म्हणणार का? ही सवय आहे. सवयीनं जगता येतं, पण सवय म्हणजे पुरावा नव्हे."

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. सर "बरोबर बोललात," म्हणाले आणि खाली बसले. मला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर उत्तर मलाही सुचलं नव्हतं.

पुढचे बरेच दिवस ती बकरी आमच्या घरात राहिली. अक्का भाकरी वाढायच्या आणि सर मध्येच म्हणायचे, "पण बकरी..." अक्का विचारायच्या, "कोन्ही बकरी?" शेवटी एका संध्याकाळी ओट्यावर पाणी मारून आम्ही तिघं बसलो होतो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं.

"पोरी, तो बरोबर बोलला आणि तरी चुकला. तो म्हणतो, डोळ्यांना पुरावा मागा. कोण मागतंय? बुद्धी. आणि बुद्धीला पुरावा कोण मागणार? डोळे मला जिथून मिळाले तिथूनच बुद्धी मिळाली. एकाला कायम आरोपी करायचं आणि दुसऱ्याला कायम न्यायाधीश, हे कोणी ठरवलं? आणि पुढचं ऐक. शंका घ्यायची तर शब्द लागतात. ‘शंका’ हा शब्द तरी त्याला कोणी दिला? आईनं. आई म्हणाली, हे पाणी, ही आग. त्यानं पुरावा मागितला का? मागितला असता तर तो मुकाच राहिला असता. माणूस दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवून माणूस होतो. बकरीला ते जमत नाही. शे."

मला ते पटलं. मी तसं म्हणणार, एवढ्यात अक्का सूप खाली ठेवून बोलल्या. त्या फारशा रागवत नसत, पण तेव्हा आवाजात काहीतरी होतं.

"बठ्ठी दुनियाले सांगतस, लोकेस्ना शब्दवर इसवास ठेवा. आन सख्खा भाऊना शब्द?"

सर उठून आत गेले.

तेव्हा मला त्यांच्या भावाची गोष्ट कळली. सरांचा धाकटा भाऊ गावी शेती बघायचा. आई त्याच्याकडेच होती. ती गेली तेव्हा सर विद्यापीठाचे पेपर तपासायला जळगावला गेले होते आणि तिथं मोबाईल बाहेर जमा करावा लागे; घरी तेव्हा दुसरा फोन नव्हता. भावाचं म्हणणं, मी कॉलेजात फोन लावला, उचलणाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला निरोप पोचवतो. सर संध्याकाळी फोन हातात आल्यावर गावी धावले, तोवर चिता विझत आली होती. दुसऱ्या दिवशी सरांनी कॉलेजात चौकशी केली. असा फोन आल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. कारकून, शिपाई, ग्रंथपाल, सगळ्यांना विचारून झालं. मग त्यांनी भावाला सांगितलं, "तू फोन केलाच नाही." भाऊ म्हणाला केला. सर म्हणाले, पुरावा दे. तेव्हापासून दोघं बोलले नव्हते. गाव दीड तासावर, पण सर दिवाळीलाही गेले नाहीत.

अक्कांनी हे सांगितलं, धान्यातले खडे वेचले आणि विषय संपवला. सरांपुढे मी तो कधी काढला नाही.

सर निवृत्त झाले आणि त्यांचा विषय बंद झाला. नवीन मुलं येत नव्हती, जागा भरायची नव्हती. विभागाचं कपाट आमच्या अर्थशास्त्राच्या खोलीत आणून ठेवलं. त्याची किल्ली कोणी मागितली नाही. निरोपसमारंभात एक वक्ता म्हणाला की सरांची उणीव आम्हाला सदैव जाणवेल. सर शेजारच्याला म्हणाले, "जुलैपर्यंत." तेही त्यांना नक्की ठाऊक असावं.

नंतरची दोन-तीन वर्षं शांत गेली. मग त्यांची नजर मधोमध पुसट होऊ लागली. समोरच्या माणसाचा चेहरा धुरकट, कडेचं मात्र दिसायचं. वाचन सुटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग झिजलाय, परत यायचा नाही. सरांनी ते ऐकून घेतलं. त्यांनी तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

पण मग विचित्र वागणं सुरू झालं. अंगणातून चालताना काही नसलेल्या जागी ते वळसा घालायचे. जेवताना मध्येच हात थांबायचा. भिंतीकडे एकटक बघायचे. अक्कांनी विचारलं तर "काही नाही." शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी मला खाली बोलावलं, दार लोटायला लावलं आणि हळू आवाजात विचारलं,

"पोरी, त्या भिंतीला टेकून माणसं बसली आहेत का?"

भिंतीला टेकून गव्हाची कोठी होती, दुसरं काही नव्हतं.

"नाही सर."

"पांढऱ्या टोप्या. पंगतीला बसावेत तसे ओळीनं. स्पष्ट दिसतात, तू दिसत नाहीस इतके स्पष्ट. बोलत नाहीत. भिंतीवर जाळी दिसते, नक्षीची. खूप दिवसांपासून." ते थांबले. "अक्काला सांगू नको. ती देवऋषी बोलवील."

अक्कांना मी सांगितलंच, कारण ते न सांगणं मला झेपलं नसतं. त्यांनी देवऋषी बोलावला नाही. त्या पदर खोचून आम्हाला घेऊन परत डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर म्हणाले, वेड नाही, बाधा नाही. डोळ्यांकडून काही येईना झालं की मेंदू रिकामी जागा आपल्याकडची चित्रं काढून भरतो. बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना होतं, लाजेनं सांगत नाहीत. औषध तसं नाही.

मला वाटलं होतं, हे कळल्यावर सरांना हायसं वाटेल. उलट झालं. त्या दिवसापासून ते खचले. खुर्चीला हात लावून, चाचपून मगच बसायचे. कपाला बोट लावून बघायचे. ताटातली भाकरी आधी दाबायचे. फिरायला जाणं बंद. ‘शे’ तर त्यांच्या तोंडून गेलाच. आणि एक दिवस, मी भाडं द्यायला गेले तेव्हा, ते चक्क म्हणाले, "मला वाटतं, बाहेर ऊन आहे."

अक्का आतल्या आत रडल्या असतील. माझ्यासमोर त्या फक्त म्हणाल्या, "शे. ऊन शे."

"त्या पुण्याच्या पोराला बोलव," सर मला म्हणाले. "सांग त्याला, तू जिंकलास. तुझा सगळा शंकावाद माझ्या बैठकीत टोप्या घालून बसलाय. मी इतकी वर्षं मुलांना काय शिकवलं, सांग? जे दिसतं ते आहे म्हणालो. आता मला कोण दिसतं आणि कोण आहे, ते मलाच ठाऊक नाही."

मी कॉलेजातून दमून आले होते. डोकं दुखत होतं. मला वाद घालायचा नव्हता, म्हणून जे आलं ते बोलून गेले.

"सर, ती माणसं खोटी आहेत हे तुम्हाला कळलं कसं?"

"तू सांगितलंस. हिनं सांगितलं. मी हात लावून पाहिला."

"म्हणजे माझा शब्द खरा धरलात. अक्कांचा धरलात. हातही खरा धरलात. मग हरलात कुठे?"

 अक्का चहा घेऊन आल्या आणि सरांच्या हातात कप देत म्हणाल्या, "दिसनं का माले इचारा. मी शे ना आठे. त्यामा लाज कसानी?"

हे त्यांनी लगेच मानलं नाही. जन्मभर दुसऱ्याला ‘वाटतं कसलं’ म्हणून दटावलेला माणूस, त्याला दर घटकेला ‘कोणी आहे का तिथे’ विचारायचं म्हणजे काय, ते आम्हाला दिसत होतं. पण हळूहळू ते विचारू लागले. "अक्का, दारात कोणी?" "कोनी नही." "अक्का, खुर्चीवर?" "मन्ही साडी वाळत घालेल शे." कधी अक्का वैतागून म्हणायच्या, "बठ्ठं रिकामं शे, बसा आते." मग ते बसायचे. ओळीतल्या टोपीवाल्यांशी त्यांनी एक करार केला होता म्हणे. ते बोलत नाहीत, मीही बोलणार नाही.

भावाला अक्कांनीच फोन केला, सरांना न सांगता. येशील का असं विचारलंही नाही. नुसतं सांगितलं, नजर गेली, माणसं दिसतात, चाचपून जेवतो. भावानं ऐकून फोन ठेवला.

थंडीचे दिवस होते. चारच्या सुमाराला मी कॉलेजातून परतले, तर ओसरीवर सर आपल्या खुर्चीत चहा पीत होते आणि समोरच्या खुर्चीत पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा बसला होता. पायाशी भरताच्या वांग्यांची पिशवी. अक्का घरात नव्हत्या, दूध आणायला कोपऱ्यावर गेल्या होत्या. दोघंही गप्प. सर त्या माणसाकडे तोंड करून होते, त्याच्या आरपार बघावं तसे, आणि घोट घोट चहा पीत होते.

मी फाटकात थांबले. तो माणूस उठला. गुडघ्यांवर हात देऊन, अवघडत. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "जास मी. तो मन्हासंगे अजूनबी बोलस नही. मोठा शे, पहिले त्यानी बोलाले पाहिजे."

सरांच्या हातातला कप थांबला.

"पोरी," त्यांनी हाक मारली. "तिथं कोणी बोललं?"

"हो सर. तुमचे धाकटे भाऊ आलेत."

"आहेत? का तुला वाटतंय?"

"आहेत सर. माझ्या शेजारी उभे आहेत. मघापासून तुमच्या समोर बसले होते."

त्यांनी कप खाली ठेवायला हात नेला, तो टेबलाच्या कडेला लागून चहा सांडला. "मी म्हटलं, त्यांच्यातलाच एक," ते पुटपुटले. "टोपी दिसली. म्हटलं, आज एकटाच आला."

भाऊ परत वर आला. बसला नाही. टोपी काढून हातात धरली.

"नाना, मी फोन करेल व्हता. माय गई त्या दिनले. तुन्ही आन."

 रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. सरांचं तोंड भावाच्या दिशेला होतं, पण किंचित बाजूला, कडेच्या नजरेनं त्याला पकडायचा प्रयत्न करत असावेत तसं.

"आन-शपथ नको घेऊ," सर म्हणाले. "तू सांगस ना, मंग करेल व्हता."

"इतली वरीसं लागनी तुले."

"हां. लागनी."

भावानं टोपीनंच डोळे पुसले. तेवढ्यात अक्का दुधाची पिशवी घेऊन आल्या. त्यांनी एकदा दोघांकडे बघितलं, खाली सांडलेला चहा बघितला, वांग्यांची पिशवी उचलली आणि आत गेल्या. थोड्या वेळानं वांगी भाजल्याचा वास आला, आणि आत भांडी नेहमीपेक्षा जास्त वाजत होती.

मलाही जेवायला बसवलं. दोघं भाऊ फारसं बोलले नाहीत. कोणाची विहीर आटली, कोणाचा मुलगा सुरतेला गेला, एवढंच. त्या कॉलेजच्या फोनचा विषय पुन्हा निघाला नाही. तो कोणी उचलला होता, निरोप कुठं हरवला, हे आता कोणालाही कळायचं नव्हतं आणि सरांनी ते विचारलंही नाही.

अंधार पडायच्या आत भाऊ निघाला. नरडाण्याची बस गाठायची होती. सर माझा हात धरून फाटकापर्यंत आले. भाऊ वाकला, पाया पडला आणि चालू लागला. गल्ली लांब आहे, सरळ आहे, शेवटी पिठाची गिरणी. सरांना त्यातलं काही दिसत नव्हतं.

"गेला?" त्यांनी विचारलं.

"गिरणीपाशी थांबलेत सर. वळून बघतायत. हात करतायत."

सरांनी हात वर केला. दिशा थोडी चुकली होती, मी त्यांचं कोपर धरून वळवली.

तसेच उभे राहिले. 

"किती वेळ धरू?" त्यांनी विचारलं.

"धरा अजून थोडा," मी म्हणाले. "ते बघतायत."